बोलका तळ, मुका तळ

पाण्यावर ज्योत पेटली तेव्हा धक्क्यावर इतकी गर्दी होती की मला माझी सायकल सापडेना. दिवस नुकताच मावळला होता. माणसं बर्फाच्या पेट्यांवर चढली होती, जाळ्यांच्या ढिगांवर उभी होती, आणि क्रेनवाला तर तीन नातवंडांना घेऊन वर केबिनमध्ये जाऊन बसला होता. सगळ्यांच्या नजरा धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर उभ्या असलेल्या एका होडीवर होत्या, आणि त्या होडीच्या टोकावर उभे होते पाताळबाबा. पांढराशुभ्र झगा, छातीवर रुळणारी दाढी, एका हातात मोठं पितळी शिंग, दुसऱ्या हातात लोखंडी टोकाचा लांबलचक बांबू.

बाबांनी आधी शिंगाचं रुंद तोंड पाण्यात बुडवलं आणि निमुळत्या टोकाला कान लावला. मग त्यांनी अशी काही मान डोलावली की जणू खालून कुणी पत्ता विचारला आणि यांनी तो सांगितला. "तळ जागा आहे," त्यांनी जाहीर केलं. होडीच्या कडेवर बांबू दोनदा आपटला, टक टक, आणि सरळ खाली सोडला. तिथे पाणी दोन पुरुष खोल. बांबू तळाला टोचला, फिरवला, आणि बघता बघता पाणी खदखदायला लागलं. बाबांनी शिंग त्या बुडबुड्यांवर पालथं धरलं, टोकाशी पेटती काडी नेली, आणि शिंगाच्या टोकातून वीतभर निळी ज्योत उभी राहिली. खाली समुद्र, वर आग.

धक्क्यावरची निम्मी माणसं गुडघ्यांवर आली. उरलेल्या निम्म्यांना गर्दीत गुडघे टेकायला जागा नव्हती, म्हणून ती उभी राहिली.

"जिथे तळ बोलका, तिथे बोटीला नाही धोका," बाबांनी आवाज चढवला. "जिथे तळ मुका, तिथे चुकूनही जाऊ नका. हा तळ पोलादाचा आहे. इथे नांगर टाका आणि जगबुडी झाली तरी घरी जाऊन झोपा. आणि माझ्यावर विश्वास नसेल, तर तुमच्या यंत्राला विचारा."

इथे खरी गंमत होती. होडीवाल्याने मासे शोधायच्या यंत्राचा पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला, आणि त्यावर तळाच्या जागी जाडजूड लालभडक पट्टा होता. आमच्या बंदरावरच्या पोरासोरांनाही त्याचा अर्थ माहीत असतो. यंत्र खाली आवाज सोडतं, तळावर आपटून तो परत येतो. जोरात परत आला तर लाल आणि जाड, म्हणजे तळ घट्ट. दबक्या पावलांनी आला तर पिवळा आणि बारीक, म्हणजे तळ मऊ. बाबांनी पाताळ सांगितलं आणि यंत्राने त्याला दुजोरा दिला, आता आणखी काय पाहिजे?

मला मात्र पाहिजे होतं. कारण माझा धंदाच तो आहे.

मी बंदराच्या सर्व्हे ऑफिसात समुद्राच्या तळाची वर्गवारी करते. कुठे वाळू, कुठे गाळ, कुठे चिकणमाती, हे शोधून नकाशावर रंग भरायचे. त्यासाठी तळाला दोन प्रकारे विचारावं लागतं. एक, वरून आवाज सोडून, तो कसा आणि किती परत येतो ते ऐकायचं. दुसरं, लांब नळी तळात ठोकून खालचा माल वर काढायचा, चाळण्यांतून चाळायचा, ओला तोलायचा, सुकवून तोलायचा, आणि सगळ्यात आधी चिमूटभर दातांखाली धरायचा. हसू नका. बारीक गाळ आणि चिकणमाती डोळ्यांना सारखीच दिसतात, पण गाळ दातांत करकरतो आणि चिकणमाती साबणासारखी सरकते. जगातली सगळी यंत्रं आली तरी ही परीक्षा जायची नाही. या कामामुळे गाव मला चिखलबाई म्हणतं आणि माझा सख्खा भाऊ चिखलू म्हणतो. कानाने ऐकलेलं आणि हाताने चाचपलेलं, दोन्ही जुळलं तरच मी नकाशावर रंग लावते. एकट्या कानावर मी विश्वास ठेवत नाही, आणि का ठेवत नाही ते पुढे कळेलच.

तर झालं होतं असं की गाळ उपसणारं जहाज येणार म्हणून बोटी बांधायची जुनी जागा सोमवारपर्यंत रिकामी करायची होती, आणि बुधवारी वादळ येणार असा इशारा होता. बोटी कुठे न्यायच्या? आमच्या ऑफिसने दीपस्तंभाच्या पलीकडची जागा सुचवली होती. पण तिथे यंत्रावर पिवळी, मरतुकडी रेघ दिसायची. शिवाय जागा लांब. त्यात पाताळबाबांनी त्या जागेला शिंग लावून "हा तळ मुका आहे" असं सांगितलं, आणि आमची सूचना फलकावरच वाळत राहिली. साहेब म्हणाले, आपण सल्ला देऊ शकतो, दुसऱ्याचा दोर आपण बांधू शकत नाही.

आणि बाबांच्या बोलक्या तळावर पहिली बोट जाणार होती ती माझ्या दादाची. म्हणजे आमच्या आप्पांची. आप्पा गेले तेव्हा त्यांनी मागे दोनच गोष्टी ठेवल्या, ती बोट आणि दादाचा हट्टी स्वभाव. बोलक्या तळाच्या मागेच काळ्या खडकांची रांग आहे. वादळात तिथे नांगर सुटला तर बोटीच्या फळ्या वेचायला टोपली लागेल. मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती, आणि तिच्यामुळे माझा राग दुप्पट झाला होता.

घरी पोचले तर वहिनी बाबांनी मंतरलेली दोरी देवाच्या वस्तूसारखी जपून कपाटात ठेवत होती. प्रत्येक बोटीच्या नांगराला ही दोरी बांधायची होती. दादा जेवत होता. मी म्हटलं, दादा, त्या जागी बोट नेऊ नकोस, खाली नुसता चिखल आहे. दादाने ताटातून मान वर केली नाही. यंत्र लाल दाखवतं, तो म्हणाला, बाबा राहू देत बाजूला, पण यंत्राला तर दाढी नाही ना?

याला म्हणतात मुद्दा. माझ्या भावाला मूर्ख म्हणायची मला कधी संधी मिळत नाही, हेच तर माझं दुखणं आहे.

मी दोन काचेचे ग्लास घेतले. एकात साधं पाणी, एकात नुकताच फोडलेला सोडा. चमचा साध्या पाण्याच्या ग्लासवर आपटला, छान खणखणीत वाजला. सोड्याच्या ग्लासवर आपटला, तर थड. जणू कुणी उशीवर बुक्की मारली. वहिनी हातातलं काम सोडून आली आणि तिने स्वतः वाजवून पाहिलं. "अगंबाई, ग्लास तर सारखेच आहेत," ती म्हणाली. मी तिला सांगितलं की बुडबुडे आले की आवाजाची वाट लागते. त्या तळाखाली कुजकट चिखल आहे, चिखलात वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेत. वरून आलेला आवाज आत शिरूच शकत नाही, बुडबुड्यांच्या थरावर आपटून तसाच मागे फिरतो. यंत्राला वाटतं खाली पोलाद आहे. यंत्र खोटं बोलत नाही, ते फक्त आवाज किती जोरात आला एवढंच सांगतं. तो कशावर आपटला हे सांगायला त्याला कुणी शिकवलेलं नाही. आणि तोच वायू पेटतो. जुन्या डबक्यातही पेटतो, त्याला पाताळ लागत नाही.

"तू मातीचं बघ, समुद्राचं मी बघतो," दादा म्हणाला आणि हात धुवायला उठला.

मी वैतागून चमचा पुन्हा ग्लासच्या काठावर आपटला, टक टक, आणि तशीच थांबले. हे टक टक मी कुठे ऐकलं होतं? आज होडीवर, हो. पण त्याच्याही आधी. रोज, दिवसातून चार वेळा, अडीच वर्षं. चहा ढवळून झाला की पळी भांड्याच्या काठावर दोनदा आपटायची आणि मग गाळायचा. आमच्या सर्व्हेच्या बोटीवरचा आचारी. तो इतका वाईट चहा करायचा की समुद्र शांत असला तरी माणसं कठड्याकडे धावायची. तोपर्यंत मी त्यांना बाबा, त्यांनी, ते असं आदराने म्हणत होते. त्या क्षणापासून बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी साहेबांना सांगितलं. साहेब निवृत्तीला आलेले, त्यांना कशाचंही आश्चर्य वाटत नाही. "दाढी वाढवली का त्याने? बरं झालं, चेहरा तसाही बघवत नव्हता," एवढंच ते म्हणाले. पण मग त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, त्याने नेमकी तीच जागा का निवडली असेल? बुडबुडे तर त्या पट्ट्यात आणखी चार ठिकाणी आहेत. आणि घट्ट तळ, घट्ट तळ असं इतक्या खात्रीने तो कसा सांगतोय?

मी खुर्ची ओढून बसले. कारण उत्तर मला ठाऊक होतं.

सहा वर्षांपूर्वी मी नोकरीला नवीन लागले होते. त्या जागेवर आवाजाची नोंद घेतली, ठळक आली. नळी ठोकायची वेळ आली तेव्हा समुद्र खवळला, नळीचा दोर तुटला, आणि मी नमुना न घेताच परत आले. ऑफिसात बसून, पंख्याखाली, मी त्या जागेवर सुबक अक्षरात लिहिलं, "घट्ट वाळू". खाली झोकदार सही. साहेबांनी नकाशा पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, गाळ चावलात का? मी नाही म्हटलं. मग पुसा, ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात नळी ठोकली तर वर आला काळाकुट्ट, सडका, फसफसणारा चिखल, तो नळीतून आपणहून बाहेर यायला लागला. नवीन नकाशा निघाला. जुना रद्दीत गेला, आणि आमच्या बोटीवरची रद्दी कुठे जायची? आचाऱ्याच्या फळीवर, चहासाखरेच्या डब्यांखाली अंथरायला.

म्हणजे बाबाचं पाताळ माझ्याच हातचं होतं. तो लबाड होताच, ज्योतीची युक्ती त्याने बोटीवर आम्हालाच करताना पाहिली होती. पण तळ घट्ट आहे यावर त्याचा खरोखर विश्वास होता. माझ्या सहीवर विश्वास ठेवणारा जगातला एकमेव माणूस तो.

साहेबांनी विचारलं, आता काय करणार? हे लोकांसमोर सांगायचं म्हणजे तुमची चूकही सांगावी लागेल. मी म्हटलं, सांगीन. सांगायला सोपं होतं असं नाही. गावात माझी पत आधीच चिखलाची, त्यात ही भर. पण आप्पांची बोट माझ्या चुकीवर नांगर टाकणार होती.

माझ्या आधी मैदानात उतरली वहिनी. ती रात्रभर ग्लासचा विचार करत होती म्हणे. शुक्रवारी संध्याकाळी भर सभेत ती बाबासमोर हात जोडून उभी राहिली आणि गोड आवाजात म्हणाली, "बाबा, उद्या आमची बोट तुमच्या जागेवर येतेय. नांगर टाकल्यावर एकदा इंजिनाचा पूर्ण जोर मागे लावून दाखवायची परवानगी द्या. म्हणजे आमच्या वन्संचं तोंड कायमचं बंद होईल." गर्दीने माना डोलावल्या. बाबालाही नाही म्हणायचं कारण नव्हतं, त्याच्या मते खाली घट्ट वाळू होती. तो हसत हसत हो म्हणाला. वहिनी माझ्याकडे वळली आणि तिने एक डोळा मिचकावला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण मी तिला तेव्हा पहिल्यांदा ओळखलं.

शनिवारी सकाळी अख्खं बंदर धक्क्यावर. बोटीवर दादा, वहिनी, बाबा आणि मी. बोलक्या तळावर आल्यावर यंत्राचा पडदा लालभडक झाला. बाबाने शिंग लावलं, टक टक केलं, मंतरलेली दोरी बांधलेला नांगर पाण्यात गेला. दादाने दोर पुरेसा सोडला आणि इंजिन मागे टाकलं. दोर ताणला. बोट थांबली. गर्दीतून आवाज उठला, बाबाने दोन्ही हात वर केले, आणि तेवढ्यात बोट हळूच मागे सरकायला लागली. आधी हातभर, मग बोटभर, म्हणजे अख्खी बोट, आणि मग लोण्यातून सुरी जावी तशी. काळे खडक आमच्या पाठीमागून जवळ यायला लागले तशी दादाने इंजिन बंद केलं. बोटीच्या पुढे पाण्यावर बुडबुड्यांची सरळ रांग उठली होती, नांगराने तळात नांगरट केली होती तिथपर्यंत.

बाबाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण जीभ शाबूत होती. बोटीवर अविश्वासू बाई आहे, तो ओरडला, तिच्या पावलांनी तळ रुसला. मी लगेच म्हटलं, उतरवा मला. खरंच उतरवलं. मी धक्क्यावर जाऊन बर्फाच्या पेटीवर बसले, पाठ समुद्राकडे केली, वर डोळेही मिटले, म्हणजे माझी नजरसुद्धा लागायला नको. दादाने पुन्हा नांगर टाकला, पुन्हा जोर लावला, आणि बोट पुन्हा मागे. तिसऱ्यांदा वहिनीने दोरी सोडून उलटी बांधून पाहिली. बोट मागे.

मग दादा मला परत बोटीवर घेऊन दीपस्तंभाच्या पलीकडे निघाला. त्याच्या जबड्याची हाडं दिसत होती, तो कधीही चुकला की ती दिसतात. मुक्या तळावर यंत्राची तीच मरतुकडी पिवळी रेघ. नांगर खाली गेला. दोर ताणला, इंजिन मागे गेलं, आणि बोट इतकी गचकन थांबली की वहिनी बाबाच्या अंगावर पडली आणि बाबा शिंगावर. शिंग चेपलं. दादाने इंजिनाचा होता नव्हता तेवढा जोर लावला, पाणी पांढरंफटक झालं, पण बोट तसूभर हलली नाही. नांगर वर काढायला चार माणसं लागली, आणि त्याला चिकटून आला करड्या रंगाचा, गुळगुळीत, घट्ट मातीचा गोळा.

सगळे लिलावाच्या शेडमध्ये जमले. मी तिथे आदल्या दिवशी नळीने काढलेला बोलक्या तळाचा काळा चिखल एका टबात ठेवला होता, वर वीतभर पाणी. वास असा की पुढच्या रांगेतली माणसं आपणहून मागच्यांना जागा देत होती. पण बाबाने अजून हार मानली नव्हती. त्याने झग्यातून लाल कापडाची गुंडाळी काढली, डोक्यावर धरली आणि सांगितलं की हा पाताळपट आहे, तीनशे वर्षांचा, यावर समुद्राने स्वतःच्या हाताने लिहिलंय की त्या जागी घट्ट वाळू आहे. तळ कधी खोटं लिहीत नाही.

मी तो पट हातात मागितला. तो द्यायला तयार नव्हता, पण क्रेनवाल्याने अदबीने त्याचा हात धरून ठेवला. मी पट उघडून सगळ्यांना दाखवला. मधोमध चहाच्या डब्याचं गोल तपकिरी वर्तुळ होतं. त्याच्या शेजारी माझं सुबक अक्षर. आणि खालच्या कोपऱ्यात सही.

"ही समुद्राची नाही, माझी सही आहे," मी म्हटलं. "सहा वर्षांपूर्वी मी नुसता आवाज ऐकून हे लिहिलं. खाली हात घालून पाहिलं नाही. चुकलं माझं. साहेबांनी मला परत पाठवलं, मी नमुना काढला आणि नकाशा बदलला. ज्याने माझी चूक तुम्हाला देवाची म्हणून दाखवली, तो आमच्या बोटीवर चहा करायचा."

सगळ्या माना बाबाकडे वळल्या. मग मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि मला वाटतं ते साहेब होते.

ज्योत मी पेटवली नाही. मी पेटवली असती तर उद्या चिखलबाईच्या पाया पडायला रांग लागली असती. शेडची दारं ओढून अंधार केला आणि वहिनीला पुढे बोलावलं. तिने घरून तेलाचं नरसाळं आणलं होतं. पळीच्या दांड्याने चिखल ढवळला, बुडबुडे उठले, तिने नरसाळं पालथं धरलं आणि टोकाला काडी लावली. निळी ज्योत. मग क्रेनवाल्याने पेटवली. मग शिवणकामवाल्या आजींनी, मग शाळेच्या शिपायाने, आणि तासाभरात बंदरावर अठरा पाताळबाबा तयार झाले, त्यात सात बाया. सगळ्यांना कळलं, घट्ट तळात हे बुडबुडे राहूच शकत नाहीत. ज्या वायूमुळे आग लागते, त्याच वायूमुळे आवाज जोरात परत येतो, आणि त्याच वायूमुळे चिखल इतका पोकळ होतो की नांगर धरत नाही. बाबाचा चमत्कार हीच धोक्याची पाटी होती. ती त्याने गावासमोर स्वतः पेटवून दाखवली आणि वाचली मात्र उलटी.

खरा बाबा तर यातलं काहीच समजला नव्हता. तो तोंडात मारल्यासारखा टबाकडे बघत होता. "मग वाळू नाहीच का तिथे?" त्याने मला हळूच विचारलं. तेव्हा मला त्याची थोडी कीव आली. साहेबांनी पट ऑफिसची मालमत्ता म्हणून जप्त केला आणि बाबाला म्हणाले की एवढी माणसं जमली आहेत, जाण्याआधी सगळ्यांना चहा पाजून जा. त्याने केला. टक टक करून गाळला. पहिला घोट घेतल्यावर गावाला माझ्या बोलण्याचा उरलासुरला पुरावाही मिळाला. तो दुसऱ्या दिवशी गाशा गुंडाळून गेला.

दादा मात्र मागे राहिला. शेड रिकामी झाल्यावर तो नांगराजवळ उभा होता. त्याने त्या करड्या गोळ्यातून नखाएवढा तुकडा तोडला, इकडेतिकडे पाहिलं आणि तोंडात टाकला. मी श्वास रोखून बघत राहिले. लहानपणी मी मातीचे खडे चाखायचे म्हणून यानेच मला अख्ख्या गल्लीत चिडवलं होतं.

"करकरत नाही," तो थोड्या वेळाने म्हणाला.

मी म्हटलं, चिकणमाती आहे, घट्ट. तिच्यावर आवाज आपटून उसळत नाही, निम्मा आत शिरतो, म्हणून रेघ पिवळी येते. पण नांगर एकदा तिच्यात रुतला की ती सोडत नाही. दादाने मान हलवली, थुंकला, आणि त्याच दुपारी बोट मुक्या तळावर नेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या बोटी त्याच्यामागे गेल्या.

बुधवारी वादळ आलं ते ठरल्यापेक्षा मोठं. आम्ही तिघं खिडकीशी बसून होतो. लिलावाच्या शेडचं छप्पर उडालं. दिवस कलला तेव्हा पाऊस विरळ झाला आणि दीपस्तंभाच्या पलीकडे डोलकाठ्या दिसल्या. वहिनीने मोठ्याने मोजल्या. मोजून झाल्या तशी ती रडायला लागली, कारण एकही कमी नव्हती. आप्पांची बोट सगळ्यात पुढे होती. दादा खिडकीपासून हलला नाही, पण त्याने हात मागे करून माझं डोकं थोपटलं, लहानपणी थोपटायचा तसं.

आता उरली एकच गोष्ट, तीही सांगून टाकते. वादळानंतर दादाने माळ्यावरून आप्पांचं शिशाचं वजन शोधून काढलं. त्याच्या बुडाला खळगा आहे. आप्पा त्यात साबण भरून वजन तळाला टेकवायचे, मग जे चिकटून वर येईल ते बघून नांगर टाकायचे. यंत्र आल्यावर ते वजन माळ्यावर गेलं होतं, आणि आमचा सगळा गाव एकट्या आवाजावर जगायला लागला होता. दादा आता ते घेऊन फिरतो. परवा तो माझ्या ऑफिसात आला, पहिल्यांदाच, आणि माझ्या नव्या नकाशावर कागदाची पुडी ठेवली. "चिखलू, इथे तू बारीक गाळ लिहिलंस," त्याने खाडीच्या तोंडाशी बोट ठेवलं. "हे तिथलं आहे. चावून बघ."

मी चावलं. करकरलं नाही. मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी खोडरबर माझ्याकडे सरकवलं, आणि दादाच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की जणू त्यानेच वादळ परतवलं होतं. मी मुकाट्याने पुसलं आणि नवीन लिहिलं.

म्हणून वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कुणी पाण्यावर आग लावून दाखवली तर बघायला जरूर जा, बघण्यासारखी असते. पण गुडघे टेकायच्या आधी विचारा, हे मला करून बघता येईल का? दाखवणारा नको म्हणाला, तर समजा काय ते. यंत्र सांगतं म्हणून मानू नका, दाढी सांगते म्हणून मानू नका, आणि सही केलेली चिखलबाई सांगते म्हणून तर मुळीच मानू नका. खाली हात घाला, वर काढा, दातांखाली धरून बघा. मग चूळ भरा.